नोटीस न देता नोकरी सोडली तर...?

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. कुणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी अजूनही मनातल्या मनात त्याचं इंग्रजी करून बघते. मराठी विभागासाठी काहीतरी दे म्हणून संपादक मंडळ मागे लागलं, तेव्हा मी आधी एक कविता करून बघितली. रूममेटनं ती वाचली आणि म्हणाली, "तू लेखच लिही." म्हणून हा लेख. शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी.

विषय तसा रुक्ष आहे, कायद्याचा आहे. पण आपल्यापैकी बरेच जण लवकरच कॅम्पसमधून सिलेक्ट होतील, ऑफर लेटरवर सही करतील, आणि सही करताना फक्त पॅकेजचा आकडा वाचतील. आमच्या दादानंही तेवढंच वाचलं होतं.

घरी आलेलं पाकीट

दादा म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. मेकॅनिकल केलं आणि सगळ्यांसारखाच पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला. कंपनीचं नाव इथे नको. लागताना त्यानं स्टँप पेपरवर बाँड लिहून दिला होता: दोन वर्षं नोकरी सोडणार नाही, सोडली तर दोन लाख रुपये भरीन. खाली जामीनदार म्हणून काकांची सही. शिवाय नोटीस पिरिअड ९० दिवसांचा.

अकरा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची चांगली ऑफर आली, पण त्यांना माणूस पंधरा दिवसांत हवा होता. मॅनेजर लवकर सोडायला तयार होईना. मग एका शुक्रवारी दादानं लॅपटॉप डेस्कवर ठेवला, 'सोमवारपासून येणार नाही' असा व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, फोन बंद केला आणि सरळ साताऱ्याला घरी आला.

तीन आठवड्यांनी स्पीड पोस्टानं वकिलाची नोटीस आली. एक प्रत दादाच्या नावावर आणि एक काकांच्या. बाँडचे दोन लाख, वर ९० दिवसांचा पगार, लॅपटॉप जमा केल्याची नोंद नाही, आणि पंधरा दिवसांत पैसे न भरल्यास कायदेशीर कारवाई. मी तेव्हा पीएलसाठी घरी होते. आजीनं विचारलं, "पोलीस येतील का रे?" कुणीच काही बोललं नाही. काका उठले, कपाटातून एफडीची पावती काढली आणि टेबलावर ठेवली. दादानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आमच्या गल्लीतल्या वकीलकाकांकडे गेलो. दादाला काही सुचत नव्हतं, म्हणून वही घेऊन मी बसले. नंतर त्यांनी सांगितलेले निकाल व्हायवाची तयारी करावी तसे वाचून काढले. त्या वहीतलं हे आहे.

पहिला प्रश्न: हा गुन्हा आहे का?

नाही. आजीचा प्रश्न ऐकून वकीलकाका हसले. "आजींना सांग, पोलीस येणार नाहीत. हे दिवाणी प्रकरण आहे." म्हणजे नोकरी हा एक करार आहे. करार मोडला तर ज्याचं नुकसान झालं तो दिवाणी कोर्टात भरपाई मागू शकतो. नोटीस न देता गेला एवढ्याच कारणासाठी अटक होत नाही. याला एखादाच अपवाद आहे. असहाय माणसाची देखभाल करायचं कायदेशीर कराराने मान्य केलं आणि मुद्दाम त्याला वाऱ्यावर सोडलं, तर तो आजही गुन्हा आहे. आपल्याला त्याच्याशी कर्तव्य नाही.

पण पूर्वी असं नव्हतं. १८५९ साली इंग्रजांनी 'वर्कमन्स ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट' नावाचा कायदा केला होता. आगाऊ पैसे घेतलेला कारागीर किंवा मजूर काम टाकून गेला, तर मॅजिस्ट्रेट त्याला 'पैसे परत कर नाहीतर काम पुरं कर' असा हुकूम द्यायचा. तो हुकूम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी! आसामच्या चहामळ्यातल्या मजुरांवरही तो वापरला गेला. हा कायदा रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला. म्हणजे आज आपण 'कंपनी काय करणार फार तर?' असं सहज म्हणतो, ते म्हणता यायलाही शंभर वर्षांपूर्वी कायदा बदलावा लागला.

मात्र एक सावधगिरी हवी. कंपनीचा लॅपटॉप, सोर्स कोड, ग्राहकांचा डेटा यातलं काही घेऊन गेलात तर प्रकरण दिवाणी राहत नाही. तिथे चोरी, विश्वासघात आणि २००० सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा लागू होऊ शकतो. दादाच्या नोटिशीतलं सगळ्यात धोक्याचं वाक्य दोन लाखांचं नव्हतंच, ते लॅपटॉपचं होतं. त्यानं तो डेस्कवर ठेवला होता, पण पोच घेतली नव्हती. सुदैवानं आयटी विभागातल्या एकानं सोमवारी तो उचलून ठेवल्याचा ईमेल सापडला.

दुसरा प्रश्न: कोर्ट परत कामाला बसवू शकतं का?

तेही नाही. १९६३ सालच्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम १४ सांगतं की माणसाच्या व्यक्तिगत गुणांवर अवलंबून असलेला करार कोर्ट जबरदस्तीनं पाळायला लावत नाही. कोर्ट तुम्हाला उचलून आणून क्युबिकलमध्ये बसवणार नाही.

पण दुसरीकडे जाण्यापासून ते थांबवू शकतं का? इथे एक जुना खटला आहे, आणि तो आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. सेंच्युरी स्पिनिंग कंपनीचा कल्याणजवळ टायर कॉर्डचा प्लँट होता. त्याचं तंत्रज्ञान परदेशी कंपनीकडून, गुप्त ठेवायच्या अटीवर आलेलं. तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरनं पाच वर्षांचा करार केला, ट्रेनिंग घेतलं आणि मुदत संपायच्या खूप आधी तो कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर गेला. करारात लिहिलं होतं की मुदतीत इतरत्र तसलंच काम करणार नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६७ साली निकाल कंपनीच्या बाजूनं लागला. कोर्टानं त्याला कल्याणला परत पाठवलं नाही, पण कराराची मुदत संपेपर्यंत दुसरीकडे तेच काम करायला मनाई कायम केली.

याची दुसरी बाजू म्हणजे १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. म्हणून नोकरी संपल्यावर 'पुढची दोन वर्षं कुठल्याही स्पर्धक कंपनीत जाणार नाही' अशी जी अट असते, ती भारतात साधारणपणे टिकत नाही. फरक लक्षात ठेवा: कराराच्या मुदतीतलं बंधन वेगळं आणि नोकरी संपल्यानंतरचं बंधन वेगळं. माझा इथे दोनदा गोंधळ झाला होता.

तिसरा प्रश्न: मग बाँडचे पूर्ण पैसे द्यावे लागतात का?

हा खरा अवघड प्रश्न. करार कायद्याचं कलम ७४ असं आहे: करार मोडला तर किती पैसे द्यायचे हे करारात लिहिलेलं असलं, तरी कोर्ट 'वाजवी भरपाई' देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे दोन लाख लिहिलेत म्हणून आपोआप दोन लाख मिळत नाहीत, आणि दोन लाखांच्या वर तर जाताच येत नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाचा २०११ सालचा एक निकाल आपल्या डोक्यात चटकन बसेल, कारण त्यात गणित आहे. सिक्पा इंडिया या कंपनीच्या एका कर्मचाऱ्यानं तीन वर्षांचा आणि दोन लाखांचा बाँड दिला होता. दोन वर्षांनी तो सोडून गेला. कंपनीनं त्याच्या ट्रेनिंगवर खर्च केले होते ६७,५९५ रुपये. कनिष्ठ कोर्टानं हिशोब केला: तीनपैकी दोन वर्षं काम केलं, म्हणजे बुडालं एक तृतीयांश. ६७,५९५ भागिले ३ म्हणजे २२,५३२ रुपये. उच्च न्यायालयानं तोच आकडा कायम केला. मागितले दोन लाख, मिळाले साडेबावीस हजार!

हे ऐकून दादाच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. वकीलकाका म्हणाले, "थांब, लगेच उड्या मारू नकोस," आणि दुसरा निकाल सांगितला.

विजया बँकेत (ही बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात विलीन झाली) २००७ साली लागलेल्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षं न सोडण्याचा, नाहीतर दोन लाख भरण्याचा बाँड दिला होता. २००९ साली त्यानं दुसऱ्या बँकेत जायला राजीनामा दिला, 'मान्य नाही' असं नोंदवून दोन लाख भरले आणि कोर्टात गेला. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं: ही अट नोकरीच्या काळातली आहे, त्यामुळे कलम २७ आड येत नाही. सरकारी बँकेला मनात आलं म्हणून कुणालाही नेमता येत नाही, जाहिरात आणि खुल्या स्पर्धेतून भरती करावी लागते, आणि त्याला वेळ आणि पैसा लागतो. त्या अधिकाऱ्याच्या पदाच्या आणि पगाराच्या मानानं दोन लाख अवाजवी नाहीत. दोन लाख गेले ते गेलेच.

दोन्ही बाँड दोन लाखांचेच, पण निकाल उलटे. म्हणून कॉलेजच्या कट्ट्यावर 'बाँड-बिंड काही नसतं रे' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. 'बाँड म्हणजे आयुष्यभराची कैद' असं कुणी म्हणालं तरीही नको. कंपनीनं खरंच काय खर्च केला, तुम्ही किती काळ काम केलं, आणि आकडा त्या मानानं वाजवी आहे का, हे बघितलं जातं.

आता काकांच्या सहीबद्दल. हे मला सगळ्यात जास्त लागलं. करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं की करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. म्हणजे कंपनी दादाला सोडून थेट काकांकडेही पैसे मागू शकत होती. आपल्या घरी बाबा पेन उघडतात आणि 'कुठे करायची सही?' एवढंच विचारतात. मुलगा नोकरीला लागला या आनंदात कुणी वाचत नाही.

आणि एक गोष्ट: वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचं समन्स नव्हे. नोटिशीला मुदतीत उत्तर द्यावं. समन्स आलं तर मात्र हजर राहावंच लागतं, नाहीतर निकाल एकतर्फी लागू शकतो. करारभंगाचा दावा साधारण तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, त्यामुळे दोन महिने काही आलं नाही म्हणजे सुटलो असंही समजू नये.

चौथा प्रश्न: नोटीस पिरिअडचं काय?

इथे सगळं शब्दांवर आहे. तुमच्या ऑफर लेटरमध्ये 'नोटीस किंवा त्याऐवजी पगार' असं असेल तर पैसे भरून जाता येतं. 'कंपनीच्या मर्जीनुसार' असं असेल तर पैसे देतो म्हणूनही लगेच सुटका होईलच असं नाही. आणि पगार म्हणजे कुठला पगार? समजा महिन्याचा एकूण पगार ३०,००० आणि बेसिक १५,००० आहे. ९० दिवसांचे एकूण पगारानं होतात ९०,००० आणि बेसिकनं ४५,०००. एका शब्दात ४५,००० रुपयांचा फरक! दादाच्या पत्रात 'बेसिक' लिहिलं होतं, नोटिशीत मात्र पूर्ण पगार मागितला होता. हे त्यानं स्वतः वाचलंच नव्हतं.

कंपनीलाही नियम आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे राजीनामा दिलेल्या कर्मचाऱ्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. नोटिशीची वसुली म्हणून पीएफला हात लावता येत नाही. आणि एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. नियमात किंवा नेमणुकीच्या अटीत आडकाठी नसेल, आणि शिस्तभंगाची कारवाई चालू नसेल, तर त्याला जबरदस्तीनं राबवता येत नाही. म्हणजे नोटीस देऊन, दिवस भरून निघालात, तर मॅनेजरच्या 'मी ॲक्सेप्टच करणार नाही'ला फारसा अर्थ राहत नाही. पण आधी दिवस भरले पाहिजेत.

हे दिवस कशासाठी असतात ते २०२३ साली सगळ्यांना दिसलं. अकासा एअरचे ४३ पायलट नोटीस पिरिअड पूर्ण न करता गेले. विमानं रद्द करायची वेळ आली आणि कंपनीनं पायलटांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. पायलटांना नियमानंच सहा महिने ते एक वर्ष नोटीस असते, कारण नवा पायलट एका रात्रीत तयार होत नाही. आपण काही विमान चालवत नाही हे खरं. पण दादा ज्या सोमवारी गेला नाही, त्या आठवड्यात त्यांचं रिलीज होतं. त्याच्याच टीममधल्या एका मुलीची घरच्या लग्नासाठीची सुट्टी रद्द झाली. हे त्यानं मला खूप नंतर, हळू आवाजात सांगितलं. कुठल्याही नोटिशीत ते लिहिलेलं नव्हतं.

पाचवा प्रश्न: कागद कुठला लागतो?

रिलीव्हिंग लेटर. पुढची कंपनी तेच मागते. न सांगता गेलेल्याच्या नावापुढे 'ॲबस्काँडिंग' असा शेरा पडतो आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये तो वर येतो. गैरहजर राहिलं म्हणून बाजू ऐकून न घेता आपोआप नाव कापणं चुकीचं आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा एका कामगाराच्या बाबतीतला निकाल आहे. पण शेरा खोडायला कोर्टात कोण आणि किती वर्षं जाणार?

दादाच्या बाबतीत तेच झालं. वकीलकाकांनी उत्तर पाठवलं आणि ट्रेनिंगच्या खर्चाचा हिशोब मागितला. ट्रेनिंग सहा आठवड्यांचं, कंपनीच्याच लोकांनी दिलेलं. हिशोब काही आला नाही. चार-पाच महिने पत्रापत्री चालली आणि शेवटी तडजोड झाली. बाँडचे पैसे नाहीत, नोटिशीचे बेसिकप्रमाणे, त्यातून शिल्लक रजेचे १२ दिवस वजा. ७८ दिवस गुणिले ५०० म्हणजे ३९,००० रुपये. दादानं ते स्वतःच्या बचतीतून भरले. काकांची एफडी मोडावी लागली नाही. रिलीव्हिंग लेटर मिळालं.

जिंकला ना, असं तुम्ही म्हणाल. पण ज्या ऑफरसाठी एवढं केलं, ती रिलीव्हिंग लेटर नाही म्हणून दुसऱ्याच आठवड्यात गेली होती. पाच महिने तो घरी बसून होता. पाच गुणिले ३०,००० म्हणजे दीड लाख. हे नुकसान कुठल्याही कोर्टानं केलेलं नाही.

सही करण्याआधी

माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर हे लिहिलंय. कापून ठेवा.

१. ऑफर लेटर पूर्ण वाचा. नोटीस किती दिवस, त्याऐवजी पैसे चालतात का, आणि ते बेसिकवर की एकूण पगारावर, हे बघा.

२. बाँड असेल तर 'ट्रेनिंग कुठलं, किती दिवसांचं, खर्च किती' हे लेखी विचारा. काम केलेल्या महिन्यांप्रमाणे रक्कम कमी होते का, तेही विचारा.

३. जामीनदाराची सही लागणार असेल तर घरच्यांना आधी वाचून दाखवा.

४. मूळ मार्कशीट कंपनीकडे ठेवू नका. दाखवा, झेरॉक्स द्या, परत घ्या.

५. सोडायचंच असेल तर ईमेलवर राजीनामा द्या आणि त्यात तारीख लिहा. व्हॉट्सॲपवर नको. लवकर जायचं असेल तर लेखी विनंती करा, रजा वळती करून मागा, नवीन कंपनीकडे मुदत मागा किंवा ते पैसे भरतील का विचारा. कित्येक कंपन्या भरतात.

६. लॅपटॉप, कार्ड जमा करा आणि पोच घ्या. पोच!

७. नोटीस आली तर फोन बंद करू नका. वकिलाला दाखवा.

मी वकील नाही, ई अँड टीसीची थर्ड इयरची मुलगी आहे. प्रत्येकाचा करार वेगळा असतो, त्यामुळे खरी वेळ आली तर माझा लेख घेऊन कुणाशी भांडू नका. पण एवढं मला कळलं की नोकरी सोडायला कायदा बंदी करत नाही, फक्त हिशोब मागतो. तो हिशोब सही करायच्या दिवशीच करता येतो, फुकटात.

आमचं कॅम्पस पुढच्या सेमिस्टरला सुरू होतंय. परवा घरी फोन केला तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जामीन म्हणून सही लागली तर दोन दिवस आधी सांग. चष्म्याचा नंबर वाढलाय, बदलून घेतो."